जुन्या जिप्सीचा रेडिएटर सोसायटीच्या आवारात स्वतः बदलता येईल का?

घाटप्रेमी_मुलुंड

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे २००४ सालची मारुती जिप्सी किंग आहे. एमपीएफआय (संगणक-नियंत्रित पेट्रोल फवारणीचे) इंजिन, एसी नंतर बाहेरून बसवून घेतलेला. शहरात, अगदी पूर्व द्रुतगती महामार्गावरच्या कोंडीतसुद्धा, तापमानाचा काटा मध्याच्या खालीच राहतो. परंतु नाशिककडे जाताना कसारा घाट लागला, की काटा हळूहळू वर सरकू लागतो आणि एसी बंद करून वेग कमी केल्याशिवाय खाली येत नाही. इंजिन थंड असताना पाहिले, तर रेडिएटरच्या खालच्या टाकीच्या सांध्यावर हिरवट-पांढरी खरपुडी धरलेली दिसते. जमिनीवर थेंब पडलेला कधी आढळला नाही, तरीही बाजूच्या प्लास्टिकच्या डब्यातील पातळी महिन्याभरात बोटभर उतरते.

एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली असता, "रेडिएटर नवा टाका आणि थर्मोस्टॅट काढून फेका, मुंबईच्या हवेत त्याचे काही काम नाही," असा सल्ला मिळाला. त्यातला दुसरा भाग मला पटलेला नाही (थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप). पहिल्या भागाबद्दल असे वाटते की काम फार गुंतागुंतीचे दिसत नाही, हत्यारे घरात आहेत, आणि सोसायटीच्या स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या पार्किंगमध्ये) माझी जागाही प्रशस्त आहे. आणखी एक माहिती उपयोगी पडेल म्हणून देतो: गाडीच्या आधीच्या मालकांच्या चालकाने एकदा प्रवासात गळती थांबवण्यासाठी रेडिएटरमध्ये हळद टाकली होती, असे व्यवहाराच्या वेळी बोलण्याच्या ओघात समजले होते.

हे काम घरी करावे का, तांब्या-पितळेचा रेडिएटर घ्यावा की ॲल्युमिनियमचा, आणि आत पाणी कोणते भरावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

फोरबायफोर_ठाणे

काम घरी निश्चितच होण्यासारखे आहे, पण त्याआधी दोष रेडिएटरचाच आहे हे सिद्ध करून घ्या. तुम्ही दिलेल्या लक्षणांतच अर्धे उत्तर आहे. गाडी उभी असताना किंवा कोंडीत तापत असेल, तर संशय पंख्यावर, त्याच्या पट्ट्यावर आणि पंख्याभोवतीच्या आवरणावर, म्हणजे श्राउडवर घ्यावा, कारण त्या वेळी हवा ओढण्याचे सगळे काम पंख्याकडे असते. याउलट कोंडीत ठीक आणि चढावर ताण आला की तापते, असे असेल, तर इंजिन जेवढी उष्णता निर्माण करते आहे तेवढी बाहेर टाकण्याची रेडिएटरच्या जाळीची (पाणी थंड करणाऱ्या नळ्या-पत्र्यांची) क्षमताच उरलेली नाही, असा अर्थ बहुतेक वेळा निघतो. नळ्या आतून बुजलेल्या असतात किंवा बाहेरून पत्र्यांच्या मधल्या फटी भरलेल्या असतात.

बाहेरची बाजू आधी तपासा, कारण तिला खर्च नाही. तुमच्या गाडीत एसीचा गॅस थंड करणारा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे आहे. या दोहोंमधील अरुंद जागेत धूळ, किडे आणि वाळलेला चिखल यांचा थर साचतो आणि पुढून पाहिल्यास तो मुळीच दिसत नाही. वरून विजेरी मारून पाहा. धुवायचे असेल तर पाणी इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला, कमी दाबाने मारावे; सर्व्हिसिंग सेंटरमधला जोराचा फवारा जवळून मारला तर पत्रे आडवे होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

आतली बाजू तपासण्यासाठी लांबून तापमान मोजणारे इन्फ्रारेड उपकरण मिळते, ते फार महाग नाही. इंजिन पुरते गरम झाल्यावर जाळीच्या काळ्या रंगवलेल्या पृष्ठभागावर ते जागोजागी धरून पाहा. एखादा भाग शेजारच्यापेक्षा स्पष्टपणे थंड लागला, तर त्या नळ्यांतून पाणी वाहत नाही, असे समजावे. चकचकीत पितळेवर मात्र हे उपकरण हमखास कमी आकडा दाखवते, त्यामुळे टाकीवर मोजून निष्कर्ष काढू नका. मोजताना हात आणि बाही पंख्यापासून दूर ठेवा.

याशिवाय इंजिन थंड असताना टोपण उघडून, मग इंजिन चालू करून, रेडिएटरच्या तोंडाशी पाहा. सतत बुडबुडे येत असतील, किंवा इंजिनाचे तेल दुधाळ झाले असेल, तर प्रकरण हेड गॅस्केटचे (इंजिनाच्या वरच्या भागाखालील सीलचे) आहे आणि नवा रेडिएटर बसवून काहीही साधणार नाही.

थर्मोस्टॅटविषयी तुमची शंका अगदी रास्त आहे. तो काढला की इंजिन नेहमीच्या तापमानाला पोहोचायला फार वेळ घेते, कधी कधी पोहोचतच नाही. एमपीएफआय गाडीत तापमानाचा सेन्सर ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) "इंजिन अजून थंड आहे" असेच कळवत राहतो, त्यामुळे पेट्रोल जास्त सोडले जाते. मायलेज घटते आणि सिलिंडरची झीजही वाढते. मुंबईची हवा गरम असली, तरी ती काही ८० अंशांची नाही.

निवृत्त_फोरमन

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मी फक्त प्रत्यक्ष कामाबद्दल लिहितो, कारण पाना हातात घेतल्यावर ज्या अडचणी येतात त्या बोलताना कोणी सांगत नाही.

गाडी रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी थंड इंजिनावरच काम सुरू करावे. गरम रेडिएटरचे टोपण उघडणे हा जिवाशी खेळ आहे. टोपणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो. तो किलोग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर दाबाचा असतो. एवढ्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास गेल्याशिवाय उकळत नाही. टोपण फिरवले की दाब एकदम उतरतो आणि त्या तापलेल्या पाण्याची क्षणात वाफ होऊन ते तोंडावर येते. बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी, कारण पट्ट्यावरचा पंखा आपोआप फिरत नसला तरी कंडेन्सरचा विजेचा पंखा केव्हाही फिरू शकतो.

पाणी काढण्याची खालची चावी जुन्या गाडीत बहुधा जाम झालेली असते. तिच्यावर जोर करू नका, ती तुटली तर टाकीचेच भोक होते. त्याऐवजी खाली पसरट घमेले ठेवून खालचा होस पाईप सोडवावा. निघालेले पाणी मापाच्या भांड्याने मोजून, आकडा लिहून ठेवा. पुन्हा भरताना तेवढे आत गेले नाही, तर कुठेतरी हवा अडकली आहे हे लगेच कळते.

होस वर्षानुवर्षे नळीला चिकटून बसलेला असतो. तो सरळ ओढला, तर पितळेची नळी टाकीपासून उचकटते आणि चांगल्या रेडिएटरलाही गळती लागते. आधी गोल पिळून सैल करावा. होस बदलायचाच असेल तर ब्लेडने लांबीच्या दिशेने चिरून सोलून काढावा. माझे मत विचाराल, तर वरचा-खालचा दोन्ही होस आणि क्लिपा नव्याच घ्याव्यात. क्लिपेजवळ होस बोटाने दाबून पाहा. मऊ, फुगीर किंवा कुरकुरीत लागला तर त्याचे आयुष्य संपले आहे.

त्यानंतर श्राउडचे बोल्ट काढून ते मागे पंख्यावर सरकवावे आणि रेडिएटरचे बाजूचे बोल्ट सोडवावेत. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सैल करणारे तेल मारून ठेवले, तर त्यांची डोकी झिजत नाहीत. रेडिएटर उचलण्यापूर्वी त्याच्या मापाचा जाड पुठ्ठा कापून जाळी आणि पंखा यांच्यामध्ये सरकवा. हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरले जाणारे काम आहे. पंख्याच्या पात्याचा एक ओरखडा जाळीची नळी फोडायला पुरेसा होतो. कंडेन्सर रेडिएटरला टेकवून बसवलेला असल्यास तो दोरीने गाडीच्या पुढच्या ग्रिलला बांधून ठेवावा; त्याचे गॅसचे पाईप काही झाले तरी उघडू नयेत.

रेडिएटर बाहेर आल्यावर पंख्यापर्यंत हात सहज पोहोचतो, तेव्हा तोही पाहून घ्यावा. मधोमध व्हिस्कस कपलिंग (तेलाच्या साहाय्याने पंखा फिरवणारा जोड) असेल, तर थंड असताना पंखा हाताने फिरवा. थोडा अवरोध जाणवला पाहिजे. तो मोकाट फिरत राहिला किंवा कपलिंगच्या कडेला तेलकट धूळ जमलेली दिसली, तर आतले सिलिकॉन तेल गळून गेले आहे. पाण्याच्या पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून पाणी झिरपल्याचा डाग दिसतो का, हेही पाहा. पंप बदलण्याची वेळ आली, तर टायमिंग बेल्टपर्यंत उघडावे लागते; ते काम स्टिल्टमध्ये काढू नका.

कुर्ला_ते_कसारा

येथे एक मधला मार्ग सुचवावासा वाटतो. रेडिएटर काढणे आणि बसवणे घरी करा, पण तो बदलायचा की दुरुस्त करायचा हे रेडिएटरवाल्याच्या दुकानात ठरवा. कुर्ल्याला आणि ऑपेरा हाउसच्या सुट्या भागांच्या बाजाराच्या आसपास हे काम करणारे जुने कारागीर अजून आहेत. ते रेडिएटरची तोंडे बंद करून आत हवा भरतात आणि पाण्याच्या हौदात बुडवतात. गळती जिथे असेल तिथून बुडबुड्यांची रेघ निघते, त्यामुळे वादाला जागा राहत नाही. तुमच्या सांध्यावरची खरपुडी ही तिथूनच झिरपणाऱ्या कूलंटची, म्हणजे पाण्यात मिसळलेल्या गंजरोधक द्रवाची आहे. गरम भागावर ते पडताक्षणी वाळते, म्हणून जमिनीवर थेंब दिसत नाही.

तुमचा रेडिएटर मूळचा तांब्या-पितळेचा असेल, तर वरची टाकी डाख (जोडकामाचा मऊ धातू) वितळवून उघडता येते, नळ्यांतून पातळ पट्टी घालून रॉडिंग, म्हणजे आतून सफाई, करता येते आणि टाकी पुन्हा झाळता येते. जाळी कुजली असेल, तर जुन्या टाक्या ठेवून फक्त जाळी नवी घालून मिळते. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला प्लास्टिकच्या टाक्या रबरी गॅस्केट घालून पत्र्याच्या दातांनी दाबून बसवलेल्या असतात. तो एकदा गळू लागला की बहुधा बदलावाच लागतो.

"तांबे म्हणजे उत्तम" हे मात्र सरसकट खरे नाही. तांब्याची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या दीडपटीहून अधिक आहे हे बरोबर, पण तांब्याच्या जाळीत नळी आणि पत्रा यांच्यामध्ये डाख असतो आणि तो उष्णता तितकी चांगली वाहून नेत नाही. ॲल्युमिनियमच्या नळ्या अधिक रुंद घेता येतात, त्यामुळे चांगल्या बनावटीचा ॲल्युमिनियम रेडिएटर उष्णता बाहेर टाकण्यात मागे पडत नाही. तरीही घाटात, आडरानात गाडी नेणाऱ्याला मी तांब्या-पितळेचाच घ्यायला सांगेन, कारण तो कोणत्याही तालुक्याच्या गावी झाळून मिळतो.

नवा घ्यायचा ठरला, तर दुकानात नुसते "जिप्सीचा द्या" म्हणू नका. १९८५ साली आलेल्या जिप्सीचे इंजिन ९७० सीसीचे होते, १९९६ साली आलेल्या किंगचे १२९८ सीसीचे, आणि २००० पासून त्याच इंजिनाला एमपीएफआय आले. जुना रेडिएटर सोबत नेऊन होसच्या नळ्यांची जागा, जाडी आणि बोल्टांची भोके ताडून पाहा. आणि तो जुना रेडिएटर बदल्यात फुकट देऊन येऊ नका. तांब्या-पितळेला भंगारात चांगला भाव असतो आणि दुकानदाराला तो पक्का ठाऊक असतो.

दादरची_मीनल

कूलंटबद्दल थोडे. आत नळाचे पाणी भरू नये, आणि सोसायटीत टँकर येत असेल तर ते पाणी मुळीच नको. महापालिकेचे तलावांतून येणारे पाणी तुलनेने मृदू असते, पण टँकरचे पाणी पुष्कळदा बोअरचे, म्हणजे जड असते. त्यातील क्षार नळ्यांच्या आत पांढरे थर धरतात. ज्याला आपण बॅटरीचे पाणी म्हणतो ते क्षारविरहित पाणी कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळते, तेच वापरावे.

"मुंबईत बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला" असे अनेक जण म्हणतात. आपल्याला त्याचा उपयोग गोठणे टाळण्यासाठी नाही, तर गंज रोखण्यासाठी आहे. ओतीव लोखंड, ॲल्युमिनियम, पितळ आणि डाख असे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात भिजत असतात, आणि कूलंटमधील रसायने संपली की त्यांतला एक दुसऱ्याच्या नादाने कुजू लागतो. डब्यावर लिहिलेले प्रमाण पाळावे. जास्त घातले म्हणून अधिक थंड होत नाही, उलट ग्लायकॉलपेक्षा पाणीच उष्णता चांगली वाहून नेते. रंगावर विसंबू नका, रंग कंपनीगणिक वेगळा असतो. दोन निरनिराळ्या प्रकारची कूलंटे मिसळली, तर आत गाळासारखा चिकट पदार्थ तयार होऊ शकतो. डाखाच्या जुन्या रेडिएटरला पारंपरिक, अकार्बनी प्रकारचे कूलंट मानवते. ते दर दोन वर्षांनी बदलावे.

एक विनंती आहे. काढलेले कूलंट आवारातील पावसाळी गटारात ओतू नका. ती गटारे शुद्धीकरणाविना नाल्यांतून खाडीला मिळतात. शिवाय इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. सोसायटीतील मांजरे-कुत्री ते चाटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. बंद कॅनमध्ये भरून ते ज्या गॅरेजमध्ये जुने तेल गोळा करतात तिथे द्या, आणि फरशीवर सांडलेले लगेच भरपूर पाण्याने न धुता आधी भुसा किंवा वाळू टाकून टिपून घ्या.

घाटप्रेमी_मुलुंड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपण सांगितलेल्या क्रमाने काम केले. इन्फ्रारेड उपकरणाने जाळीचा उजवा भाग सरळसरळ थंड दाखवला, बुडबुडे नव्हते, तेल स्वच्छ होते. रेडिएटर काढून कुर्ल्याला नेला. कारागिराने वरची टाकी उघडली, तेव्हा नळ्यांच्या तोंडांवर पिवळट-तपकिरी, वाळून कडक झालेला थर बसलेला होता. नखाने खरवडला तर त्याची पूड झाली. ती हळद होती की गंज, की दोहोंचे मिश्रण, हे सांगता येणार नाही. पण उजवीकडच्या कित्येक नळ्यांत पट्टी शिरेना, आणि खालच्या टाकीजवळची जाळी बोटाने दाबली तर दबत होती. म्हणून जुन्या टाक्या ठेवून तांब्याची नवी जाळी घालून घेतली.

फोरमनकाका, तुमच्या पुठ्ठ्यावर बसवताना पंख्याचे दोन स्पष्ट वळ उमटले आहेत, एवढेच सांगतो. थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात थर्मामीटरसह टाकून पाहिला. त्यावर कोरलेल्या ८२ अंशांच्या जवळपासच तो उघडू लागला, म्हणून फक्त गॅस्केट नवे घालून तोच परत बसवला.

आता एक शंका आहे. आत गेलेले पाणी मोजून काढलेल्यापेक्षा जवळजवळ एक लिटर कमी भरते आहे. इंजिन चालू करून पुन्हा भरले, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यातील पातळी उतरलेली होती. सांधे सगळे कोरडे आहेत. हे काळजीचे लक्षण आहे का?

निवृत्त_फोरमन

काळजीचे नाही, हवा अडकली आहे. थर्मोस्टॅट बंद असताना इंजिनाच्या बाजूची हवा रेडिएटरकडे येऊ शकत नाही. थर्मोस्टॅटच्या चकतीवर एक बारीक हलणारी पिन असते, ती हवा निसटण्यासाठीच दिलेली असते. बसवताना ती वरच्या बाजूला आली आहे ना, हे आठवून पाहा. शंका असेल तर झाकण पुन्हा उघडून खात्री करावी.

आता असे करा. गाडी उताराच्या रॅम्पवर नाक वर करून उभी करा, म्हणजे रेडिएटरचे तोंड सर्वांत उंच राहील. चाकांना दगड लावा. हीटर जोडलेला असेल तर त्याची कळ पूर्ण गरमवर ठेवा, नाही तर त्याच्या पाईपमधील हवा तिथेच बसून राहते. मुंबईच्या काही गाड्यांत हीटरचे पाईप परस्पर जोडून टाकलेले असतात, तसे असेल तर हा भाग सोडून द्या. इंजिन थंड असतानाच टोपण काढून ठेवा आणि मग ते मंद गतीवर चालू करा. वरचा होस हाताला एकदम गरम लागू लागला की थर्मोस्टॅट उघडला. त्या क्षणी तोंडातील पातळी झपकन खाली जाईल. हळूहळू भरत राहा आणि मधूनमधून वरचा होस फडक्याने धरून दाबत राहा, बुडबुडे निघतील. ते थांबले आणि खालचा होसही कोमट झाला, की टोपण लावा आणि डबा खालच्या व वरच्या खुणांच्या मधोमध भरा.

पुढचे एक-दोन दिवस पातळी किंचित उतरणे स्वाभाविक आहे, कारण उरलेली हवा निघून तिच्या जागी डब्यातील पाणी ओढले जाते. ते ओढले जावे यासाठी टोपणातील उलटी झडप चालू हवी. इंजिन निवल्यावर वरचा होस चपटा झालेला दिसला, तर ती झडप अडकली आहे असे समजून टोपण बदला. जाळी नवी घातलीच आहे, तर टोपणही नवेच घ्या. मात्र त्यावरचा आकडा मूळ टोपणाइतकाच असावा. जास्त दाबाचे टोपण लावून जुन्या टाक्यांच्या सांध्यांची परीक्षा पाहू नये.

एकदम कसाऱ्याला जाऊ नका. आधी घोडबंदर रस्त्याने गायमुखचा चढ एसी लावून चढून या, परत आल्यावर सांधे कोरड्या कागदाने पुसून पाहा, आणि क्लिपा थंड इंजिनावर पुन्हा एकदा आवळा. नवा होस गरम होऊन निवला की थोडा बसतो आणि क्लिप सैल पडते.

फोरबायफोर_ठाणे

एक पुरवणी, पावसाळा तोंडावर आहे म्हणून. हिंदमाता किंवा अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यात गाडी जोरात घालू नका. पंख्याची पाती पाण्यात बुडाली, की बोटीच्या पंख्यासारखी पुढे ओढली जातात आणि लवचिक असल्यास वाकून थेट जाळीला भिडतात. नदी-ओढा ओलांडताना म्हणूनच काही जण पंख्याचा पट्टा काढून ठेवतात आणि पलीकडे जाताच परत चढवतात. श्राउड मात्र कधीही काढून ठेवू नका. बऱ्याच जिप्सींमध्ये कोणीतरी अडचण होते म्हणून ते काढून टाकलेले असते, आणि मग कोंडीत गाडी का तापते याचे उत्तर वर्षभर शोधले जाते.

घाटप्रेमी_मुलुंड

पिन खालच्या बाजूला होती. आज झाकण उघडून ती वर करून बसवली आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे रॅम्पवर हवा काढली. आता मोजून काढले होते तितके पाणी आत गेले आहे. टोपण ०.९ चेच नवे आणले. गायमुखला रविवारी सकाळी जाईन आणि काटा कुठे थांबतो ते येथे कळवीन.